सव्वा, दीड, पावणेदोन

१

गुरुवारी सकाळी पावणेनऊला सरकारी निरीक्षक एनिडबाई मेटकाफ हॉलिनबेकच्या दुसऱ्या दारातून आत आल्या, तेव्हा वही नाहीशी झालेली होती.

हॉलिनबेक म्हणजे मुलांचं कुलूपबंद बालगृह. कोर्टाने पाठवलेली अठरा मुलं, त्यांना सांभाळणारी चोवीस माणसं, आणि शिरायला लागोपाठ दोन दारं. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे. मधल्या काचेच्या खोलीत प्रत्येकाची पिशवी तपासली जाई, येतानाही आणि जातानाही. एनिडबाईंचा टॉफीचा डबा पत्र्याचा म्हणून काढून घेतला गेला होता. टॉफ्या तेवढ्या कोटाच्या खिशात सुट्या होत्या.

व्यवस्थापक हॉलरॉइड दारातच उभे होते. काल हसतमुख असलेला माणूस आज धुतलेल्या फडक्यासारखा दिसत होता.

"एकांत-खोलीची नोंदवही सापडत नाही," ते म्हणाले. "काल पाच वाजता तुम्ही वाचून परत दिलीत. तुमच्यादेखत मी कपाटात ठेवली."

"आणि कुलूप लावलंत. मी कपाटाचं दार ओढूनही पाहिलं होतं."

"हो, पण कुणीतरी मग ते उघडं टाकलं असणार. रात्री नऊला पाळी बदलते, तेव्हा कचेरीचं दार पाच मिनिटं सताड उघडं होतं. समोरच कीली फरशी पुसत होती." त्यांनी खिशातून एक लाल फीत काढली, बोटभर रुंद, टोकाला विसविशीत. वहीत खूण ठेवायला असते तशी. "सकाळी तिची खोली तपासली. उशीखाली ही मिळाली. वहीचं तिने काय केलं, सांगत नाही."

"चौदा वर्षांची पोर वही कशाला चोरेल?"

"तिनेच तुमच्याकडे तक्रार केली होती ना? खोटी ठरली म्हणून रागाने. सरकारी दप्तर नष्ट करणं ही साधी गोष्ट नाही, बाई. दक्षिणेत एका बालगृहात जागा आहे. तीन वाजता गाडी येईल."

"दक्षिणेत म्हणजे किती लांब?"

"तीनशे मैल."

एनिडबाईंना काल कीलीने दाखवलेलं चित्र आठवलं. तिच्या सहा वर्षांच्या भावाने, रीसने काढलेलं. दर रविवारी त्याची सांभाळणारी बाई त्याला दोन बस बदलून बहिणीला भेटायला आणत असे. तीनशे मैलांवर कोण आणणार होतं?

"तीनपर्यंत मी इथेच आहे," एनिडबाई म्हणाल्या. हे आपलं शेवटचं निरीक्षण आहे, सोमवारपासून आपण निवृत्त आहोत, हे त्यांनी हॉलरॉइडना सांगितलं नाही. गेल्या वेळी, अकरा वर्षांपूर्वी, याच घराला आपण 'उत्तम' शेरा दिला होता, हेही नाही. ते त्यांना ठाऊक होतं. दिवाणखान्यात त्याची चौकट लावलेली होती.

२

काल, बुधवारी, काय घडलं होतं ते सांगायला हवं.

पूर्वी निरीक्षणाला जायचं तर सहा आठवडे आधी पत्र जाई. पोहोचावं तो सगळीकडे ओल्या रंगाचा वास, मुलांच्या अंगावर नवे स्वेटर, टेबलावर केक. एनिडबाईंना त्या दिवसांची आठवण गोड वाटे, आणि गोड वाटते याची लाजही वाटे. आता न कळवता जायचं. तरी कामाची रीत तीच होती. वह्या वाचायच्या. मुलांशी बोलायचं. मग मुलांचं बोलणं वह्यांशी ताडून पाहायचं.

कीली त्यांच्याशी बोलायला आली ती हाताच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून.

"मिस, शनिवारी मी खिडकी फोडली. ते माझं चुकलं. पण मग मला रात्रभर एकांतात ठेवलं आणि कुणी आलंच नाही."

"कुणीच नाही?"

"मला दम्याचा झटका आला. माझा फवारा बाहेर टेबलावर. मी दार वाजवलं, वाजवलं, मग हात दुखले. सकाळी जोडी आली तेव्हा मी दारापाशी पडले होते."

एकांतातल्या मुलाला दर पंधरा मिनिटांनी दारावरच्या काचेतून पाहायचं, आणि पाहिल्याची वेळ वहीत लिहायची, हा कायदा. एनिडबाईंनी वही मागवली. लाल पुठ्ठ्याची, जाड. २९ मार्चचं पान काढलं. शनिवारी रात्री अकरापासून रविवारी सकाळी सातपर्यंत एका खाली एक, सुरेख अक्षरात तेहतीस नोंदी: झोपलेली, श्वास ठीक. झोपलेली, श्वास ठीक. प्रत्येकीपुढे रात्रपाळीच्या स्टॅन ऑगलची आद्याक्षरं.

प्रत्येक वहीतलं एक पान आपल्या हाताने उतरवून घ्यायचं, ही एनिडबाईंना त्यांच्या पहिल्या साहेबांनी लावलेली सवय. तेहतीसच्या तेहतीस नोंदी त्यांनी उतरवल्या. मग पानाच्या तळाशी नेहमीसारखं लिहिलं: 'पाहिले. ए. मे.' वहीची फीत तुटून नुसतं मूळ उरलं होतं, म्हणून शेवटच्या लिहिलेल्या पानात खूण म्हणून त्यांनी टॉफीचा सोनेरी कागद घातला.

आणि कीलीकडे जाऊन हळुवारपणे म्हणाल्या, "बाळा, पुस्तकात तर लिहिलंय."

कीली बाह्या आणखी खाली ओढून भिंतीकडे बघत राहिली.

त्याच वेळी दारात जोडी टेनंट चहाचा पेला घेऊन उभी होती. पंचविशीची, दिवसपाळीची, चार वर्षं इथे नोकरीला. पेला खाली ठेवताना बशीत चहा सांडला. एनिडबाईंनी घोट घेतला. दोन चमचे साखर होती. त्यांनी गुमान पिऊन टाकला.

त्या घोटाबरोबर एक जुनी गोष्ट मात्र वर आली. हेच घर, अशीच एक मुलगी, दारावर आपटून सुजलेले हात. आणि हेच वाक्य. पुस्तकात तर लिहिलंय. त्या मुलीचं पुढे काय झालं? खोटारडी म्हणून तिला कुठेतरी लांब हलवलं होतं. नाव काय होतं तिचं? एनिडबाईंना आठवेना. अहवालात मुलांची नावं लिहायची नसतात. त्यांनी तिला 'मूल ब' लिहिलं होतं, आणि त्यांच्या मनातही ती 'मूल ब'च राहिली होती.

बुधवारी दुपारी मुलांबरोबर जेवताना भिंतीवरचं जाळीबंद घड्याळ बारा दाखवत होतं. त्यांच्या मनगटावर एक वाजला होता.

"विनी, आत्ता कुठे बारा वाजलेत!" एका पोराने स्वयंपाकीणबाईंना हाक मारली होती. "तासाभराने परत एकदा वाढ!"

सगळे हसले होते. एनिडबाईही.

३

"कीली, ही फीत तुझ्याकडे कशी आली?"

गुरुवारी दहा वाजता कीली पलंगावर बसली होती. शेजारी तिची कापडी पिशवी, भरलेली.

"तुम्ही कशाला विचारताय? पुस्तकात बघा ना."

एनिडबाईंनी ते गिळलं. "पुस्तक नाहीये. म्हणून तुला विचारतेय."

"रविवारची आहे ती. मला बाहेर काढलं तेव्हा वही टेबलावर होती. फीत लोंबत होती तुटून. मी घेतली. रीसच्या चित्रांची गुंडाळी बांधायला." तिने नाक पुसलं. "फीत चोरली, हो. वही नाही. मला काय करायचीय ती वही? तिच्यात मी झोपलेलीच आहे."

"काल रात्री कचेरीत गेलीस?"

"मिस, कचेरीच्या आत कपाट, कपाटाला कुलूप, किल्ल्या ह्या मोठ्यांच्या कमरेला साखळीने. मी काय जादूगार आहे?"

एनिडबाई उठल्या. फीत खरंच रविवारची होती. बुधवारी त्यांनी स्वतः वही उघडली तेव्हा ती नव्हतीच. म्हणून तर टॉफीचा कागद. म्हणजे कीलीविरुद्धचा एकमेव पुरावा त्यांनी स्वतःच्याच हाताने खोटा पाडला होता.

पण हॉलरॉइडनी हात झटकले. "फीत आधी घेतली, वही नंतर. त्यातून काय सिद्ध होतं? दुसरं कोण घेणार सांगा, मी गाडी परत पाठवतो."

स्टॅन ऑगल रात्रपाळी संपवून कर्मचाऱ्यांच्या खोलीत थांबला होता. साठीचा, भलामोठा, शांत. वीस वर्षं रात्रपाळी केलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा, पिठासारखा.

"मेटकाफबाई! अकरा वर्षं झाली की हो. तुम्ही अजून तशाच."

"तूही, स्टॅन. वही तू घेतलीस?"

तो मोकळेपणाने हसला. "मी? कशाला? तुम्ही तर सही केलीत ना पानावर? निरीक्षकाने 'पाहिले' लिहिलं, संपलं. ती वही आता माझी ढाल आहे, बाई. चोरायची झाली असती तर मंगळवारी चोरली असती, तुम्ही यायच्या आधी."

"काल रात्री ती कपाटात होती?"

"काल कुणी एकांतात नव्हतं. मी कपाट उघडलंच नाही."

बोलणं बिनतोड होतं. एनिडबाईंना ते पटलंही. पण जिना उतरताना त्याचा एक शब्द त्यांच्या मनात घोळत राहिला. ढाल. आपली सही एका माणसाची ढाल झाली होती.

जोडी किल्ल्या घेऊन पुढे चालत होती. पाहुण्याला इथे एकट्याने एकही दार उघडता येत नसे.

"मॅडम, जुन्या वह्या हव्या असतील तर लाँड्रीमागच्या खोलीत आहेत," ती मागे न बघता म्हणाली. "कुणी बघत नाही त्या."

"जुन्या कशाला बघू? नवी हरवलीय."

जोडीने दार उघडलं आणि बाजूला सरली. "तुमची मर्जी."

४

बाराला दहा कमी होती. एनिडबाई जेवणघरात आपली टिपणवही उघडून बसल्या. विनी बटाटे सोलत होती.

"चहा देऊ? बिनसाखरेचाच ना?" विनी म्हणाली. "काल सकाळी सांगितलंत तुम्ही, सहा वर्षं झाली सोडून."

"दे. बिनसाखरेचाच." त्यांची नजर भिंतीवर गेली. जाळीमागचं घड्याळ अकराला दहा कमी दाखवत होतं. "ते घड्याळ बिघडलंय का गं?"

"छे हो, चांगलं चालतंय. रविवारपासून पुढे करायचं राहिलंय. जाळीची किल्ली देखभालवाल्याकडे, आणि तो रजेवर. मी म्हटलं, राहू दे, ऑक्टोबरात आपोआप बरोबर येईल!"

एनिडबाई हसल्या. हसता हसता थांबल्या.

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे एक वाजता देशभरातली घड्याळं एकदम दोनवर जातात. उन्हाळी वेळ; ऑक्टोबरात परत तासभर मागे. दरवर्षीचंच. त्या रात्री एक ते दोन हा तास नसतोच.

त्यांनी टिपणवहीतलं पान बोटाने खाली खाली वाचत नेलं. पावणेएक: झोपलेली, श्वास ठीक. एक: झोपलेली, श्वास ठीक. सव्वा. दीड. पावणेदोन.

झोपलेली, श्वास ठीक. झोपलेली, श्वास ठीक. झोपलेली, श्वास ठीक.

"काय झालं हो?" विनीने सुरी खाली ठेवली. "तोंड पांढरं पडलं तुमचं."

जी वेळ झालीच नाही त्या वेळी स्टॅनने तीनदा काचेतून आत पाहिलं होतं. आणि एनिडबाईंनी ते स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलं होतं, एक एक आकडा. खाली लिहिलं होतं: पाहिले.

काय पाहिलं होतं त्यांनी?

५

चहा निवून गेला तरी त्या बसूनच होत्या. एक कोडं सुटलं होतं, दुसरं तसंच होतं. वही कुणी घेतली?

किल्लीशिवाय कपाट उघडत नाही, तेव्हा मूल नाही, मोठ्यांपैकी कुणीतरी. स्टॅनला ती सही झालेली वही हवीच होती. हॉलरॉइडनाही, त्यांच्या भिंतीवरच्या चौकटीला तिचा आधार होता. ज्यांना ते पान लपवायचं त्यांना आता लपवण्याची गरजच नव्हती. मग उरला असा कुणीतरी, ज्याला ते पान लपवायचं नव्हतं. उलट परत वाचायला लावायचं होतं.

समोर असलेली वही निरीक्षक चाळतो, सही करतो आणि मिटतो. हरवलेली वही मात्र तो शोधतो. हे ज्याला कळलं होतं त्याने निरीक्षकांना फार जवळून पाहिलं असलं पाहिजे.

एनिडबाईंनी पेला हातात घेतला. बिनसाखरेचा चहा. आणि कालचा? कालच्या चहात न विचारता दोन चमचे साखर होती. सहा वर्षांपूर्वी सोडलेली साखर. त्याआधी त्या घेत दोनच चमचे. जोडी टेनंट इथे चार वर्षांपासून होती. एनिडबाई अकरा वर्षांत इथे फिरकल्या नव्हत्या. मग त्यांचा जुना चहा तिला कुणी सांगितला?

अकरा वर्षांपूर्वी चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून एका मुलीला पाहुण्यांचा चहा करायला देत. चौदा वर्षांची होती.

त्या उठल्या. जाताना-येताना पिशव्या तपासल्या जातात, तेव्हा वही घराबाहेर गेलेली नाही. कुठे ठेवली, हे तर तिने स्वतःच सांगितलं होतं.

"जोडी," त्या म्हणाल्या, "लाँड्रीमागची खोली उघड."

खोलीत साबणाचा आणि ओल्या पुठ्ठ्यांचा वास होता. फळीवर वर्षावार लाल वह्या. १९९८ची वही बाकीच्यांपेक्षा बोटभर पुढे आलेली, आणि तिला टेकून एक नवी. एनिडबाईंनी नवी उघडली. टॉफीचा सोनेरी कागद त्यांनी शेवटच्या पानात ठेवला होता. आता तो २९ मार्चच्या पानात होता.

मग त्यांनी जुनी उघडली. तिच्यातही कागदाचा एक कपटा होता. २९ मार्च १९९८. तोही रविवार. तोही घड्याळांचा. तेच सुरेख अक्षर, थोडं तरुण. पावणेएक, एक, सव्वा, दीड, पावणेदोन. झोपलेली, श्वास ठीक. आणि तळाशी: पाहिले. ए. मे.

एनिडबाईंनी दोन्ही वह्या फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या.

"मला ताप होता," जोडी दारातून म्हणाली. "मी दार वाजवत होते. चर्चच्या घड्याळात एकाचा ठोका पडला, आणि पुढचा ठोका पडला तो तीनचा. मला वाटलं मी मरतेय म्हणून दोनचा ऐकू आला नाही. पुढे किती वर्षांनी कळलं, त्या रात्री दोनचा ठोका नव्हताच. चर्चवाल्याने एकनंतर काटा पुढे केला होता."

"तू ती."

"मूल ब. अहवाल वाचला मी मोठी झाल्यावर. 'मूल ब हिची तक्रार नोंदींशी जुळत नाही.' मग मला किनाऱ्याकडे हलवलं. माझी धाकटी बहीण तेव्हा तीन वर्षांची. ती आता मला ओळखतसुद्धा नाही."

"आणि तरी तू इथेच परत आलीस?"

"कुणीतरी काचेतून बघायला हवं होतं ना! माझं आडनाव लग्नाने बदललं. इथे राहिले होते हे मी अर्जात लिहिलं नाही. स्टॅनलाही ओळख पटली नाही. रविवारी सकाळी कीली मला दारापाशी मिळाली, ओठ निळे. मी हॉलरॉइडना सांगितलं. ते म्हणाले, वहीत बघ. मी बघितलं. तेच तीन आकडे."

"मग मला का नाही सांगितलंस, काल?"

"सांगणारच होते! चहा घेऊन तेवढ्यासाठीच आले होते." जोडीचा आवाज चढला. "अकरा वर्षं मी वाट बघितली की ही बाई परत येईल. आलात. आणि मी दारात उभी असताना तुम्ही त्या पोरीला तेच वाक्य बोललात. शब्दही बदलला नाहीत. मी सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

एनिडबाईंना खोटं बोलता आलं असतं. "पुस्तकात बघितलं असतं," त्या म्हणाल्या.

पलीकडे धुलाईयंत्र गरगरत होतं.

"पण मी फार मोठा घोळ घातला," जोडी हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही शोधाल आणि तासाभरात इथे पोहोचाल. ते कीलीवर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सकाळपासून दहादा हॉलरॉइडच्या दारापर्यंत गेले. नोकरी जाईल म्हणून परत फिरले. म्हणजे मी तरी तुमच्यापेक्षा वेगळं काय केलं?"

"तुला सहा तास लागले, जोडी. मला अकरा वर्षं." एनिडबाईंनी दोन्ही वह्या काखेत घेतल्या. "तुझं नाव सांग. तेव्हाचं."

"जोडी ब्लँड."

"जोडी ब्लँड," एनिडबाईंनी एकदा मोठ्याने म्हटलं.

६

दीड वाजता हॉलरॉइडच्या टेबलावर दोन वह्या उघड्या होत्या. स्टॅनला मुद्दाम थांबवून घेतलं होतं.

"त्यात काय एवढं?" स्टॅन म्हणाला. "माझं घड्याळ मी सकाळी पुढे करतो. रात्रभर जुनी वेळ लिहिली, झालं."

"तसं असतं तर ठीक होतं," एनिडबाई म्हणाल्या. "पण रविवारी नव्या वेळेने सात वाजता जोडी आली. तुझं घड्याळ जुन्या वेळेवर असतं, तर वहीतली शेवटची नोंद सहाची हवी. ती सातची आहे. रात्र सात तासांची, नोंदी आठ तासांच्या. त्या कधी लिहिल्यास, स्टॅन?"

स्टॅनने दोन्ही पानांकडे पाहिलं. मग त्याचा पिठाळ चेहरा एकदम म्हातारा झाला.

"अकरा वाजता," तो म्हणाला. "मूल आत घातलं की रात्रभरचं सगळं एकदमच लिहून टाकतो. सुरुवातीला खरंच जात होतो हो काचेपाशी. मग एकदा झोप लागली, काही झालं नाही. मग... वीस वर्षांत कुणी विचारलं नाही, बाई. तुम्हीसुद्धा."

"नाही विचारलं. मीसुद्धा."

हॉलरॉइडनी घसा साफ केला. "हे गंभीर आहे, मान्य. पण वही गायब झाली हेही खरंच. ती कुणी—"

"मी ठेवली तिथे," जोडी म्हणाली. ती दारापाशी उभी होती, हात मागे. "कीलीने नाही. आणि मी इथलीच आहे, साहेब. ते जुनं पान माझं आहे. आता नोकरीचं काय ते तुम्ही ठरवा. गाडी मात्र परत पाठवा."

हॉलरॉइडनी तिच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडे जिथे ती चौकट होती तिकडे. आणि फोन उचलला. गाडी नको, एवढंच बोलले.

"तुमच्या अहवालात काय येणार?" फोन ठेवून त्यांनी विचारलं.

"सगळं. रात्रपाळी, वही, रविवारी तुम्हाला सांगूनही तुम्ही पोरीला डॉक्टर दाखवला नाहीत ते. आणि एक वाक्य अजून." ते त्यांनी आधीच लिहिलं होतं. त्यांनी टिपणवही त्यांच्यापुढे सरकवली. 'या दोन्ही पानांवर निरीक्षकाने पाहिले अशी सही केली आहे. ती निरीक्षक मी होते.'

"बाई, हे लिहायची काय गरज? सोमवारपासून तुम्ही निवृत्त. मला कळलंय ते. तुमच्या निरोपाचा समारंभ आहे म्हणे."

"समारंभ राहिला तर राहिला," एनिडबाई म्हणाल्या.

अडीच वाजता त्या कीलीच्या खोलीत गेल्या. पिशवी अजून पलंगावरच होती. कीलीने ती छातीशी धरली.

"गाडी आली?"

"गाडी नाही येणार. रविवारी रीस येईल." त्या खुर्ची ओढून बसल्या, तिच्यापेक्षा खाली. "कीली, मी काल तुझं ऐकून घेतलं नाही. ऐकल्यासारखं केलं आणि वही बघायला गेले. ते चुकलं माझं. शनिवारची रात्र मला परत सांगशील?"

"परत जाऊन पुस्तकात बघणार?"

"नाही. या वेळी मी लिहीन ते तुझ्याकडून. पूर्ण नाव सांग."

"अहवालात नाव नसतं, मिस."

"अहवालात नसतं. माझ्या वहीत असेल."

कीलीने नाव सांगितलं. मग थांबून थांबून सांगू लागली. आत घड्याळ नव्हतं, त्यामुळे किती वाजले तिला माहीत नव्हतं. फवारा नसला की श्वास मोजायचे, असं तिच्या आजीने शिकवलं होतं. ती दारापाशी बसून मोजत होती. मध्ये मध्ये दार वाजवत होती. पाचशेला कुणीतरी येईल असं तिने मनाशी ठरवलं होतं.

"मग?"

"चारशे बारापर्यंत आठवतंय."

एनिडबाईंनी लिहिलं: चारशे बारा.

दारावर टकटक झाली. जोडी दार उघडायच्या आधी थांबली, कीली 'ये' म्हणेपर्यंत. तिने चहाचा पेला एनिडबाईंच्या हाताशी ठेवला आणि गेली. बिनसाखरेचा होता.

कीलीचं बोलणं संपायला चार वाजले. एनिडबाईंनी तिला सगळं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिने दुरुस्ती सांगितली, ती केली. मग पानाच्या तळाशी सवयीने त्यांचं पेन 'पा' काढून मोकळं झालं. त्यांनी ते अक्षर खोडलं, आणि त्याच्यापुढे लिहिलं:

ऐकले. एनिड मेटकाफ.